गाई अडवायला बांधलेली भिंत

जमीन हलली तर आमच्या बिल्डिंगमधली माणसं पळून जातील कुठे, हे मला कुठल्याही प्रयोगशाळेत कळलं नसतं. ते मला रायपूरच्या आमच्या चौबे कॉलोनीतच कळलं, एका रविवारी, पोहे परतून झाले होते आणि वर कोथिंबीर पडायची बाकी होती तेव्हा. धक्का अगदी हलका होता. पंख्याची दांडी डुलली, कपाटातल्या कपबश्या किणकिणल्या, आणि दुसऱ्याच क्षणी सगळ्या मजल्यांवरून चपला धाडधाड जिना उतरू लागल्या. शाबास, म्हटलं, लोकांना निदान पळायचं तरी कळतं! मीही खाली धावले. बघते तर सगळी बिल्डिंग पार्किंगमध्ये उभी. तीन मजले डोक्यावर घेतलेल्या खांबांच्या बरोबर मधोमध, सावली धरून, गप्पा मारत.

"बाहेर या! रस्त्यावर या सगळे!" मी ओरडत सुटले.

"अवं बाई, बाहेर ऊन केवढं आहे," वरच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या. "इथं मस्त थंड आहे. तू काहून एवढी घाबरून राहिली?"

तेवढ्यात माझी आई चहाचा ट्रे घेऊन खाली आली, आणि सगळ्यांनी तिथेच, खांबांना टेकून, चहा घेतला. मला हसावं की रडावं कळेना. कारण मी इथल्या एका इंजिनियरिंग कॉलेजात शिकवते, आणि माझा अभ्यासाचा विषयच हा आहे: काँक्रीटचे खांब-तुळया आणि त्यांच्या मधे विटांच्या भिंती, अशा इमारती भूकंपात कशा वागतात, आणि त्यांना बळकट केलं तर त्या कशा वागतात. देशभरातल्या इमारतींबद्दल मी बोलत असते. आणि माझे स्वतःचे शेजारी त्यांच्या बिल्डिंगमधल्या सगळ्यात कच्च्या जागी उभे राहून आलं घातलेला चहा पीत होते.

कच्ची का, ते सांगते. वरच्या तिन्ही मजल्यांवर खांबांच्या मधे विटांच्या भिंती आहेत. त्या भिंती आपण आडोशासाठी बांधतो खऱ्या, पण जमीन आडवी हलायला लागली की त्याच इमारतीला घट्ट धरून ठेवतात. खाली पार्किंग, म्हणून तिथे भिंती नाहीत. वरचं सगळं घट्ट, खालचं मोकळं. मग इमारतीचं सगळं डुलणं खालच्या त्या उघड्या खांबांच्या वाट्याला येतं. आमच्याकडे याच्यावर आणखी एक भर होती. रस्त्याच्या बाजूच्या खांबांच्या मधे छातीएवढ्या उंचीची भिंत होती, आणि ती माझ्या बाबांनी बांधून घेतलेली होती.

बाबा सरकारी बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले. ही बिल्डिंगही त्यांनी आणि त्यांच्या खात्यातल्या काही मित्रांनी मिळून उभी केली, आणि तेव्हापासून सोसायटीचे अध्यक्ष तेच आहेत, कारण दुसऱ्या कोणाची उभं राहायची टाप नाही. भिंतीचं कारण होतं गाय. रायपूरच्या गाई पार्किंगवर वडिलोपार्जित हक्क सांगतात. एका दसऱ्याला बाबांनी नव्या स्कूटरची पूजा केली, झेंडूचा हार घातला आणि नैवेद्य आणायला वर गेले. खाली येतात तो हार गाईच्या तोंडात आणि आरसा जमिनीवर. पुढच्याच आठवड्यात भिंत सुरू झाली. बाबा स्वतः मिस्त्रीच्या डोक्यावर उभे होते. वीट न् वीट भिजवलेली, प्रत्येक सांधा सिमेंटच्या मसाल्यानं गच्च भरलेला, ओळंबा रोज लावलेला. गाई हरल्या. बाबा आजही पाहुण्यांना आधी ती भिंत दाखवतात आणि मग घरात घेतात.

त्या रविवारी चहा संपल्यावर मी बाबांना म्हटलं, "बाबा, ही भिंत काढावी लागेल."

ते माझ्याकडे असे बघत राहिले की मी जणू आईला घरातून काढा म्हटलं होतं.

मी समजावलं. भिंत खांबाला छातीपर्यंत दोन्हीकडून धरून ठेवते. खांब वाकू शकतो तो फक्त वरच्या उरलेल्या तुकड्यात. उंच खांब जरा लवचीक असतो, सगळी लांबी वापरून वाकतो. आखूड तुकडा वाकत नाही, तडकतो. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे मजबूत भिंतीनं खांब मोडते? हे तुले कोणत्या शाळेत शिकवलं? आणि मले हे सांग, आपल्या रायपुरात भूकंप येते काय?"

"कमी येतो. येतच नाही असं नाही. आत्ताच आला."

"तो भूकंप होता? चहा सांडला नाई कोणाचा."

असं आमचं आठवडाभर चाललं. जेवताना, टीव्ही बघताना, भाजी आणताना. मी म्हणायचे, बुटक्या भिंती काढू, खालच्या खांबांना चारी बाजूंनी नव्या सळ्या आणि नव्या काँक्रीटचं जॅकेट घालू, आणि चार ठिकाणी, जिथे गाड्या लागत नाहीत तिथे, तुळईपर्यंत पूर्ण उंचीची पक्की भिंत बांधू, म्हणजे खांबाचा आखूड तुकडा उरणारच नाही. बाबा म्हणायचे, मी उभी केलेली बिल्डिंग आहे, तिले काही होत नाई. आणि बाबा हो म्हणत नाहीत तोवर बाकीची घरं हो म्हणणार नव्हती, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी चिडायचे, भांडी आपटायचे. त्या खांबांवर माझे आईबाबा रोज झोपत होते. जगाला सांगत फिरायचं आणि घरात ऐकून घ्यायला कोणी नाही, याचा मला मनापासून राग येत होता.

शेवटी आईच वैतागली. पोळी लाटता लाटता म्हणाली, "तुमी दोघं इथं काहून भांडता? तिच्या कॉलेजात मोठ्ठं मशीन आहे म्हणते ना? त्याच्यावरच पाहून घ्या कोण खरं ते."

आई, तुला साष्टांग नमस्कार! आमच्या कॉलेजात नुकतीच लोखंडी चौकट उभी झाली होती, उरला औद्योगिक वसाहतीतल्या एका वर्कशॉपमधून घडवून आणलेली. तिला आडवा जॅक लावला की काँक्रीटचा खांब-तुळईचा सांगाडा एकदा इकडून ढकलायचा, एकदा तिकडून ओढायचा, दरवेळी आधीपेक्षा थोडा जास्त. जमीन हलते तेव्हा इमारत जशी मागेपुढे होते, तेच, पण सावकाश, डोळ्यांना दिसेल असं. दोन सांगाडे मला तसेही बनवायचेच होते, खऱ्याच्या निम्म्या मापाचे. मी बाबांना म्हटलं, चला, एकात तुमची भिंत बांधू.

बाबांचे डोळे चमकले. "माझी म्हणजे माझीच. तुमच्या कॉलेजातली ढिसाळ भिंत नाई चालणार. मी सांगीन तशी."

"तुम्ही सांगाल तशी. पण भिंतीच्या वर खांब मोडला तर बिल्डिंगचं काम करायचं."

"अन् नाई मोडला तर हा विषय माझ्यासमोर पुन्हा काढायचा नाई. मरेपर्यंत."

मी हात पुढे केला. बाबांनी टाळी दिली, चांगली सणसणीत.

त्यानंतरचे दिवस आठवले की मला अजून हसू येतं. बाबा रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या स्कूटरवर मागे बसून कॉलेजात यायचे. सांगाडे आमच्या बिल्डिंगसारखेच बनवले होते. त्या काळी खांबांमध्ये उभ्या सळ्यांना बांधणाऱ्या आडव्या रिंगा विरळ टाकत, तशाच टाकलेल्या. एकाच्या पोटात बाबांची अर्ध्या उंचीची भिंत बांधायची होती. मिस्त्रीला मापासाठी विटा कापाव्या लागत होत्या आणि बाबा त्याच्या खांद्यावरून वाकून बघत होते.

"वीट भिजली काय?"

"हव साहब, रात भर से भीगी है।"

"खांबाजवळचा सांधा भरला? पूरा भरना, हवा भी नहीं जानी चाहिए।"

"हव साहब।"

माझ्या विद्यार्थिनी तोंडावर ओढणी धरून हसायच्या. त्यांना मराठी सगळं समजतं, पण उत्तर हिंदीतच देतात. त्या बाबांना 'मैम के सर' म्हणायला लागल्या. भिंतीला पाणी मारायलाही बाबा इतर कोणाला हात लावू देईनात. आणि इतकी देखणी भिंत झाली की मलाच धाकधूक वाटायला लागली. खांबाला ती अशी चिकटून बसली होती की मधे पोस्टकार्ड जाणार नाही. माझा हिशोब सांगत होता, भिंत जितकी चांगली तितका खांबाला धोका जास्त. पण हिशोब कागदावर असतो. समोर बाबा हातावर हात बांधून उभे होते, आणि माझा हिशोब चुकला असता तर आमच्या घरात भूकंप हा शब्द परत कधी निघाला नसता.

दुसरा सांगाडा माझा. खांब तसेच, पण बाहेरचं काँक्रीट छिन्नीनं टाचून, नव्या सळ्या आणि दाट रिंगा घालून त्यांना जॅकेट चढवलेलं. मधली भिंत पूर्ण उंचीची, सळ्यांनी खांबाला बांधलेली, दोन्ही अंगांना तारेची जाळी आणि त्यावर प्लास्टर. त्याच्याकडे बाबांनी ढुंकूनही पाहिलं नाही. "ते तुझं आहे, तू पाह्य," म्हणाले.

पहिल्या चाचणीच्या दिवशी आईपण आली, डब्यात शंकरपाळे घेऊन. मी सगळ्यांना पिवळ्या पट्टीच्या मागे उभं केलं, जॅक सुरू झाला. ढकल, ओढ. ढकल, ओढ. प्रत्येक फेरीनंतर जॅक थांबवायचा, मुली जवळ जाऊन भेगा शोधायच्या, ढकलताना पडलेल्या लाल पेननं आखायच्या, ओढताना पडलेल्या निळ्या पेननं. पहिल्या काही फेऱ्यांत केसाएवढी एक रेघ खांबाच्या वरच्या टोकाला दिसली. भिंत कोरी करकरीत.

"पाह्य!" बाबांनी आईला कोपर मारलं. "एक भेग नाई!"

आणखी ढकललं. भिंत कोरी. आणखी. भिंतीवर अजूनही रेघ नाही. बाबा आता पट्टीला अगदी खेटून उभे होते, त्यांच्या चेहऱ्यावर मुलगी बघायला आलेल्यांना घर आवडल्यावर मुलीच्या बापाला होतो तसा आनंद होता. "अशी बांधतात भिंत," ते मुलींना सांगायला लागले, "ऐसे बनती है दीवार, समझे?" मी जॅकचा आकडा बघत होते. मनात खांबाला म्हणत होते, मोड ना रे बाबा, मोड. आयुष्यात कधी काही मोडावं म्हणून इतकी आस लावली नव्हती.

"मैम! कॉलम देखिए!"

भिंत जिथे संपत होती तिथून वर तुळईपर्यंत खांबावर तिरकी लाल रेघ चढत होती. पुढच्या ओढीत तिला छेदून दुसरी तिरकी पडली. मी "अजून!" मोठ्यानं म्हणाले की मनात, आठवत नाही. जॅकनं ढकललं आणि फटाका फुटावा तसा आवाज झाला. खांबाचं काँक्रीट टपटप खाली पडलं, आतल्या सळ्या बाहेर फुगल्या, तुळई एका बाजूला खचली. आई "अगं बाई!" म्हणून मागे सरली. मी जॅक बंद केला आणि मग, खरं सांगते, मी उड्या मारल्या. एवढी मोठी बाई, पण मारल्या. मुलींनी टाळ्या वाजवल्या.

मग मी बाबांकडे बघितलं.

ते पट्टी ओलांडून आत जायला निघाले होते. मी थांबवलं, सांगाड्याला आधार लावून होईपर्यंत थांबवलं, मग स्वतः त्यांना घेऊन गेले. त्यांनी आधी भिंतीवरून हात फिरवला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सावकाश. खरंच एक भेग नव्हती. मग त्यांनी मोडलेल्या खांबाकडे पाहिलं.

"माझ्या भिंतीले तर काहीच नाई झालं," ते म्हणाले.

"हो, बाबा."

"म्हणजे मी ढिसाळ बांधली असती, तर भिंत फुटली असती. खांब वाचला असता."

"थोडा तरी."

माझ्या उड्या मला आता टोचायला लागल्या. ते इतकी वर्षं पाहुण्यांना तीच भिंत दाखवत आले होते. घरी जाताना स्कूटरवर मागून एवढंच म्हणाले, "कोपऱ्यातला खांब. आपल्या खोलीच्या खालचा. त्याच्या दोन्हीकडे आहे ना भिंत?"

"आहे."

"हूं."

दुसऱ्या दिवशी त्यांना यायची गरज नव्हती. पैज संपली होती. पण सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून स्कूटरपाशी उभे. "तुझं औषध पाहू दे," म्हणाले. "रोग तर दाखवला."

माझा सांगाडा पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त बोलका निघाला. सुरुवातीपासूनच भिंत करकरायला लागली. जाळीवरच्या प्लास्टरवर तिरक्या रेघा उमटल्या, लाल, मग निळ्या, एकमेकींना छेदत. धूळ उडाली. एका फेरीत प्लास्टरचा पापुद्रा सुटला आणि बाबा ओरडले, "बंद कर! बंद कर, भिंत फुटून राहिली तुझी!"

"फुटू द्या बाबा! फुटायलाच आहे ती!" मीही ओरडत होते, आनंदानं. "धक्का ती खाऊन राहिली. खांबाकडे पाहा, खांबाकडे!"

बाबांनी चष्मा पुसून खांबाकडे पाहिलं. जॅकेटवर आडव्या बारीक रेघा होत्या, बस. विटा आतल्या आत तडकत होत्या, पण जाळीनं त्यांना धरून ठेवलं होतं, एकही बाहेर पडत नव्हती. आम्ही काल जिथे खांब मोडला होता तेवढं ढकललं. उभा. त्याच्या पुढे गेलो. उभा! मुली एकमेकींचे हात धरून नाचायला लागल्या. एका सांगाड्यावरून सगळ्या बिल्डिंगी ओळखता येत नाहीत, हे मी वर्गात शंभरदा सांगते, आणि ते खरंच आहे. पण त्या क्षणी मला माझा सगळा विषय नवा कोरा वाटत होता, काल शिकायला सुरुवात केल्यासारखा.

मी थांबायचं ठरवलं. तर बाबा म्हणाले, "काहून थांबली? अजून ढकल."

"बाबा, पुरे झालं."

"अजून ढकल, पोट्टी! पाहू दे मले, कितीक झेलते!"

आम्ही ढकललं. भिंत पार खिळखिळी झाली, तिची भार पेलायची ताकद थोडी उतरली, पण तुळई जागेवर राहिली. जॅक काढल्यावर बाबांनी जॅकेट घातलेल्या खांबाला पंजा लावला आणि हसले. पहिल्या दिवशी भिंत बघून हसले होते, तसेच.

सोसायटीची मीटिंग पार्किंगमध्येच झाली. मी बोलायला तयार होऊन बसले होते, पण बाबांनी मला बोलूच दिलं नाही. उभे राहून म्हणाले, "ही भिंत मी बांधली. चांगली बांधली. म्हणूनच ती खतरनाक आहे." मग त्यांनी खांब कसा मोडला ते स्वतःच्या मानेवर हात आपटून दाखवलं. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं की आता पार्किंगमधलं हळदीकुंकू कुठे करायचं, आणि त्यावरच जास्त वेळ गेला. पण काम करायचं ठरलं.

काम सुरू व्हायच्या सकाळी आईनं कोपऱ्यातल्या खांबाची पूजा केली, झेंडूचा हार बांधला, नारळ फोडला. मजूर घण घेऊन आला, त्यानं पहिला घाव घातला आणि घण टणकन उडून परत आला. दुसरा घातला. विटेचा कपचाही निघेना. तो बाबांकडे बघून म्हणाला, "बाबूजी, किसने बनाई है?"

बाबांनी त्याच्या हातून घण घेतला. या वयात त्यांनी घण उचलू नये म्हणून मी पुढे झाले, पण त्यांनी मला डाव्या हातानं बाजूला केलं. "सांधा कच्चा नाई मिळणार," ते मजुराला म्हणाले, "ऊपर की लाइन से खोलो, किनारे से।" आणि स्वतः वरच्या थराच्या कोपऱ्यावर एक घाव घातला. वीट हलली. त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं, घामेजले होते.

"कशी बांधली होती?"

"जबरदस्त बांधली होती, बाबा."

"हूं. घे, हाण आता," म्हणून त्यांनी घण मजुराला दिला आणि खुर्ची टाकून समोर बसले.

दुपारपर्यंत कोपऱ्यातल्या खांबाच्या दोन्ही बाजू मोकळ्या झाल्या. खांब खालपासून वरपर्यंत दिसला, इतक्या वर्षांनी पहिल्यांदा. मजूर जेवायला गेले. बाबा विटांच्या ढिगाशेजारी तसेच बसून होते, मी त्यांच्यासाठी पाणी घेऊन खाली आले. तेवढ्यात रस्त्यावरून एक गाय आली. जिथे भिंत होती तिथे क्षणभर थांबली, मान आत घालून वास घेतला, आणि सरळ पार्किंगमध्ये शिरली.

मी ग्लास खाली ठेवून तिला हाकलायला धावले.

"राहू दे," बाबा म्हणाले. ते उठले, खांबाचा झेंडूचा हार सोडला आणि तिच्या तोंडापुढे धरला.